तंतुवाद्यांचे सॅम्पल निवडताना : एन्सेम्बल की स्वतंत्र सेक्शन?

या पाठात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. संगणकावर वाद्यवृंदासाठी संगीत रचताना तंतुवाद्यांचा अख्खा ताफा एकाच पॅचमधून वाजवावा, की पहिली व्हायोलिन्स, दुसरी व्हायोलिन्स, व्हायोला, चेलो आणि डबल बास असे पाच सेक्शन वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवावेत? पहिल्या प्रकाराला एन्सेम्बल पॅच म्हणतात, दुसऱ्याला स्वतंत्र सेक्शन. प्रश्न वरवर पाहता खरेदीचा किंवा संगणकाच्या ताकदीचा वाटतो. प्रत्यक्षात तो लेखनाचा आहे. तुमच्या रचनेत एकाच वेळी किती ओळी स्वतंत्रपणे चालतात, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. बाकीच्या गोष्टी, म्हणजे मेमरी, किंमत आणि वेळ, त्यानंतर येतात.

हा पाठ मी रायपूरच्या पुरानी बस्तीत बसून लिहितो आहे. येथे महामाया मंदिर आहे, दूधाधारी मठ आहे, तुरी हटरीच्या जगन्नाथ मंदिराची रथयात्रा आहे. भजनी मंडळ आणि बँडपथक हवे असेल तर संध्याकाळपर्यंत जमते. साठ जणांचा तंतुवाद्यांचा ताफा मात्र छत्तीसगढमध्येच काय, देशातल्या बहुतेक शहरांत मिळत नाही. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तो आपल्याकडचा पहिला पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना तंतुवाद्यांचा मोठा ताफा पहिल्यांदा भेटतो तो लॅपटॉपवर, सॅम्पलच्या रूपात. चेलोच्या शेजारी बसून तो कसा घुमतो हे ऐकण्याआधीच आपण चेलोसाठी लिहू लागतो. म्हणून सॅम्पलची निवड आपल्यासाठी अधिक महत्त्वाची ठरते. ज्या साधनावर आपण लिहितो, तेच साधन नकळत आपल्याला लेखन शिकवत असते, आणि चुकीच्या सवयीही लावत असते.

एका पट्टीमागे किती माणसे?

सॅम्पल म्हणजे ध्वनिमुद्रित स्वर. एखाद्या सभागृहात वादक बसवतात, त्यांच्याकडून एकेक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वाजवून घेतात आणि तो कीबोर्डच्या पट्ट्यांना जोडतात. एन्सेम्बल पॅचमध्ये पुष्कळ वादकांनी मिळून वाजवलेला स्वर एका पट्टीवर असतो. प्रोजेक्टसॅमचे ‘सिम्फोबिया’ किंवा स्पिटफायर ऑडिओचे ‘अल्बियन वन’ ही या पद्धतीची प्रसिद्ध उदाहरणे. स्वतंत्र सेक्शनमध्ये फक्त पहिली व्हायोलिन्स, फक्त व्हायोला, असे एकेका गटाचे ध्वनिमुद्रण वेगळे केलेले असते.

आता थोडे गणित करू. मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदात तंतुवाद्यांची नेहमीची मांडणी अशी असते: १६ पहिली व्हायोलिन्स, १४ दुसरी, १२ व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास. एकूण ६०. समजा, वरच्या सप्तकात तीन स्वरांचा एक कॉर्ड तुम्हाला फक्त व्हायोलिनवर हवा आहे. खरे ३० वादक समोर असतील तर ते आपसांत वाटून घेतील आणि प्रत्येक स्वरावर १० जण येतील. या विभागणीला दिविझी म्हणतात. पण ३० जणांनी मिळून वाजवलेल्या सॅम्पलच्या तीन पट्ट्या तुम्ही एकदम दाबल्या, तर स्पीकरमधून ९० व्हायोलिन्स ऐकू येतात. पाच स्वरांचा कॉर्ड दाबा, १५० होतील.

आवाजाची पातळी ही यातली लहान अडचण आहे. दहाचे तीस वादक झाले तर पातळी साधारण पाच डेसिबलने वाढते आणि फेडर खाली ओढून ती कमी करता येते. फेडरने न जाणारी गोष्ट म्हणजे पोत. दहा वादकांच्या आवाजात गजाची खरखर आणि एकेकाचा कंप थोडा थोडा वेगळा कळतो. तीस जणांचा आवाज गुळगुळीत होतो. नव्वदांचा तर ढगासारखा. विद्यार्थ्यांच्या कामात जो एक ‘ऑर्गनसारखा’ आवाज नेहमी ऐकू येतो, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ते सॅम्पल वाईट असल्याचा दोष देतात, आणि सॅम्पल बिचारे चांगले असते.

ही अडचण नवी नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये मेलोट्रॉन नावाचे वाद्य आले. त्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे आणि पट्टी दाबली की तो साधारण आठ सेकंद वाजे. त्याचा सर्वांत गाजलेला आवाज होता ‘थ्री व्हायोलिन्स’. तीन पट्ट्या दाबल्या की नऊ व्हायोलिन्स. साठ वर्षांत फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली, गुणाकार तसाच राहिला.

येथे एक सावधगिरी. स्वतंत्र सेक्शन घेतले म्हणून हा दोष आपोआप जात नाही. पहिल्या व्हायोलिन्सच्या ट्रॅकवर तुम्ही तीन स्वर एकदम वाजवले, तर तेथेही १६ चे ४८ होतात. काही संग्रहांनी यावर उपाय केला आहे. ऑडिओब्रोच्या ‘एलए स्कोअरिंग स्ट्रिंग्ज’मध्ये पहिल्या व्हायोलिन्सच्या ४, ४ आणि ८ वादकांच्या वेगळ्या तुकड्या मुद्रित केल्या आहेत, जोडीला एक एकटा वादकही आहे. असा संग्रह नसेल, तर एका सेक्शनच्या ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर, हा नियम सुरुवातीला स्वतःवर घालून घ्या. तो जाचक वाटेल, पण त्यानेच आवाज मोकळा होतो.

कोणता स्वर कोणाचा?

व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर जी ३, व्हायोलाचा सी ३, चेलोचा सी २. डबल बास प्रत्यक्षात ई १ पर्यंत उतरतो. येथे हार्मोनियमवरची मधली पांढरी एक म्हणजे सी ४ धरली आहे. काही सॉफ्टवेअर तिलाच सी ३ म्हणतात, तेव्हा आपले सॉफ्टवेअर काय म्हणते ते आधी पाहून घ्या. या चुकीने सबंध चेलो एक सप्तक वर लिहिलेला मी पाहिला आहे.

आता ई ४ हा स्वर घ्या. सी पट्टीत तो मध्य सप्तकातला शुद्ध गंधार. व्हायोलिनवर तो खालच्या भागात येतो, तेथे त्याला ऊब असते, पण ताण नसतो. व्हायोलावर तो मधल्या जागेत बसतो. चेलोवर मात्र तोच स्वर सर्वांत वरच्या तारेवर, बोट बरेच वर नेऊन घ्यावा लागतो, आणि त्यामुळे त्यात गळा भरून आल्यासारखी आर्तता येते. स्वर एक, पण माणसे तीन. पूर्ण एन्सेम्बल पॅचमध्ये ही निवड ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते. बहुधा कीबोर्डच्या खालच्या भागात बास आणि चेलो, मधे व्हायोला, वर व्हायोलिन्स अशी सरमिसळ असते. चेलोला धून देऊन व्हायोला तिच्याखाली ठेवायची, ही चित्रपटसंगीतातली आवडती मांडणी अशा पॅचमध्ये करताच येत नाही. तुम्ही ई ४ दाबला की कोण वाजवणार हे पॅच ठरवतो.

एक छोटी मांडणी घेऊन पाहू. चेलो सी ३ वर, व्हायोला जी ३ वर, दुसरी व्हायोलिन्स ई ४ वर, पहिली व्हायोलिन्स सी ५ वर. पुढच्या मात्रेला चेलो एफ ३ वर जातो, व्हायोला ए ३ वर, दुसरी व्हायोलिन्स एफ ४ वर, आणि पहिली सी ५ वरच थांबतात. एन्सेम्बल पॅचवर हे दोन कॉर्ड दोन्ही हातांनी वाजवलेत तर सी ५ पुन्हा नव्याने सुरू होतो, कारण कीबोर्ड वाजवणारा हात उचलतोच. स्वतंत्र सेक्शनमध्ये सी ५ एकाच गजाखाली चालू राहतो आणि खालचे तिघे हलतात. ऐकणाऱ्याला हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, पण पहिल्या प्रकारात त्याला कीबोर्ड ऐकू येतो आणि दुसऱ्यात माणसे.

मींड हा आपला खास मुद्दा

पाश्चात्त्य पद्धतीच्या पुस्तकांत हा मुद्दा क्वचितच येतो, पण भारतीय विद्यार्थ्याची निवड बहुधा येथेच ठरते.

कीबोर्डवरचे पिच बेंडचे चाक एका मिडी चॅनलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवते. समजा, सी हा सा आहे आणि तुम्ही भीमपलासीच्या अंगाने मध्यमावरून कोमल गंधारावर मींडेने उतरता. चाक दोन अर्धस्वर खाली गेले. धून एकटी असेल तर काम झाले. पण त्याच एन्सेम्बल पॅचमध्ये डाव्या हाताने सा आणि पंचम धरलेले असतील, तर सा घसरून कोमल निषादावर जातो आणि पंचम मध्यमावर येऊन बसतो. आधारच सरकला, मग मींड कशाच्या आधारावर कळणार? प्रत्येक स्वर वेगळा वाकवण्याची नवी मिडी पद्धत आली आहे, पण तंतुवाद्यांचे बहुतेक संग्रह तिला अजून नीट दाद देत नाहीत. धून पहिल्या व्हायोलिन्सच्या स्वतंत्र ट्रॅकवर असेल, तर तेवढीच वाकते. चेलोचा सा आणि व्हायोलाचा पंचम जागच्या जागी राहतात.

दुसरी गोष्ट लेगाटोची. चांगल्या सेक्शन संग्रहांत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची हालचालही वेगळी मुद्रित केलेली असते, आणि सॉफ्टवेअर ती मधे जोडते. ‘सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज’मध्ये पट्टी हळू दाबली तर घसरत जाणारा पोर्तामेंतोही मिळतो. ही जोडणी करायची तर सॉफ्टवेअरला ‘आधीचा स्वर कोणता, नंतरचा कोणता’ हे कळावे लागते, म्हणून हे पॅच बहुतेक एकस्वरी असतात. कॉर्ड वाजवण्यासाठी केलेल्या एन्सेम्बल पॅचमध्ये ती सोय अनेकदा नसते, असलीच तर ढोबळ असते.

सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजरांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनच्या ताफ्याला जे स्थान दिले, ते आठवा. अनेक गाण्यांत ताफा जाड कॉर्डऐवजी एकच ओळ मिळून वाजवतो, कधी दोन सप्तकांत, आणि गायकाच्या ओळीला उत्तर देतो. किंवा मराठी भावगीतात प्रभाकर जोग यांचे व्हायोलिन आठवा, ज्याला रसिक ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणत. अशी एकसुरी ओळ लिहिताना विद्यार्थ्याला वाटते की सगळे एकच वाजवत आहेत, तर एन्सेम्बल पॅच पुरे. माझे मत उलट आहे. ओळ एकच असेल तर तिच्यातली मींड, कण आणि श्वास हेच सर्वस्व असते, आणि ते एकस्वरी लेगाटो सेक्शनमध्येच नीट येते. खालच्या सप्तकातली जोड चेलोच्या ट्रॅकवर वेगळी द्या. तिला मींड थोडी कमी द्या. माणसे तशीच वाजवतात.

सॅम्पलला फार ताणू नका, हेही सांगायला हवे. स्वर वाकवला की त्यातला कंप आणि खोलीचा प्रतिध्वनीही वाकतो. दोन अर्धस्वरांपर्यंत कान फसतो. त्यापुढे फितीचा वेग बदलल्यासारखे होते.

एक फजिती

हा मुद्दा मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी एका हौशी मराठी नाटकाचे पार्श्वसंगीत मी केले. वेळ कमी होता, सगळी तंतुवाद्ये एका एन्सेम्बल पॅचवर वाजवली, आणि नाट्यगृहात ती छान भरलेली वाटली. पुढे एका खास प्रयोगासाठी दोन व्हायोलिनवादक आणि एक चेलोवादक प्रत्यक्ष वाजवायला तयार झाले. आनंदाने मी मिडी फाइल उघडली. एकच ट्रॅक, त्यावर कुठे चार स्वर, कुठे सात. मधला स्वर कुठून येतो आणि कुठे जातो, काही पत्ता नाही. एका कॉर्डमधला पाचवा स्वर पुढच्या कॉर्डमध्ये गायबच होता. माझ्या बोटांना जसे सोयीचे पडले तसे मी वाजवले होते. आदल्या रात्री बसून भाग लिहून काढले. तालमीत चेलोवादकाने कागद दोनदा खालीवर केला आणि शांतपणे विचारले, “यात माझी चाल कोणती?” उत्तर असे होते की चाल नव्हतीच. मी कॉर्ड लिहिले होते, तीन माणसांसाठी तीन चाली लिहिल्या नव्हत्या.

२०१६ सालच्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून घेतला. मराठी चित्रपटासाठी ही मोठी गोष्ट होती. अशा ध्वनिमुद्रणात प्रत्येक वादकासमोर त्याच्या भागाचा कागद असतो, आणि त्यावर एक सलग ओळ असते. ‘याड लागलं’ हे गाणे हेडफोन लावून ऐका आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त खालच्या तंतुवाद्यांच्या मागे जा. ती ओळ एकटी गुणगुणता येते का पहा. तुमच्या स्वतःच्या कामालाही हीच कसोटी लावा.

मग एन्सेम्बल कशासाठी?

इतके वाचून एन्सेम्बल पॅच वाईट असतो असा समज करून घेऊ नका. काही ठिकाणी तोच बरोबर असतो, आणि स्वतंत्र सेक्शन घेणे म्हणजे उगाच कष्ट.

पहिले ठिकाण म्हणजे सगळ्यांनी मिळून मारलेला आघात, तुटक गजाचे ठेके, थरथरते ट्रेमोलो, गूढ वातावरणाचे लांब स्वर. येथे ओळी स्वतंत्र नसतातच. शिवाय एन्सेम्बलच्या ध्वनिमुद्रणात ती माणसे एकाच वेळी, एकाच खोलीत, एकमेकांचे ऐकत वाजवत होती. तो एकजीवपणा पाच वेगळ्या ट्रॅकची बेरीज करून सहज मिळत नाही. उलट पाच ट्रॅकबरोबर पाच खोल्यांचा प्रतिध्वनी आणि पाच मायक्रोफोनांची सूक्ष्म सळसळ येते. सारख्या पातळीचे पाच आवाज मिळाले की ती सळसळ साधारण सात डेसिबलने वाढते. हळुवार प्रसंगात ती ऐकू येते.

दुसरे ठिकाण म्हणजे कच्चा आराखडा. डोक्यात चाल आली आहे आणि ती पळून जाण्याआधी पकडायची आहे, अशा वेळी पाच ट्रॅक उघडत बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज’ हा खरे तर सेक्शनांचा संग्रह, १० पहिली व्हायोलिन्स, ७ दुसरी, ७ व्हायोला, ६ चेलो आणि ५ बास अशा मध्यम ताफ्याचा. तरीही त्यात आराखड्यासाठी एक एन्सेम्बल पॅच मुद्दाम दिला आहे. करणाऱ्यालाही ठाऊक होते की माणूस दोन्ही प्रकारे काम करतो.

तिसरे ठिकाण म्हणजे जेथे तंतुवाद्ये मागे आहेत. गाणे गायकाचे आहे, पुढे तबला आणि बासरी आहे, तंतुवाद्ये फक्त रंग भरतात. तेथे व्हायोलाच्या ओळीवर दोन दिवस घालवलेत तर ते कोणाला कळणार नाही. परीक्षेची तारीख मात्र कळेल.

वेळेचा हिशेब

स्वतंत्र सेक्शनची खरी किंमत वेळेत मोजावी लागते. लांब स्वराचा जोर बहुतेक संग्रहांत मिडीच्या सीसी १ ने बदलतो, एकूण पातळी सीसी ११ ने. एन्सेम्बलमध्ये ही वक्ररेषा एकदा काढायची. सेक्शनमध्ये पाचदा. येथे विद्यार्थी एक पळवाट काढतात: पहिल्या व्हायोलिन्सची रेषा काढून तीच बाकी चारांवर चिकटवतात. मग पाचही सेक्शन एकाच क्षणी फुगतात, एकाच क्षणी मावळतात, आणि इतके कष्ट करून तुम्ही पुन्हा एन्सेम्बल पॅचवरच येता, फक्त जास्त मेमरी खाणाऱ्या. खऱ्या ताफ्यात धून असलेला गट आधी वर येतो, बास उशिरा आणि कमी. प्रत्येक रेषा कीबोर्डचे चाक फिरवत, ऐकत ऐकत, वेगळी वाजवा. ती थोडी वेडीवाकडी आली तर येऊ द्या.

लेगाटोला उशीरही असतो. ‘सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज’मध्ये सर्वांत मंद जोडणीला ३३३ मिलिसेकंद लागतात, मधल्या वेगाला २५०, जलद जोडणीला १००. म्हणजे स्वर ठेक्यावर ऐकू यायचा तर मिडी स्वर तेवढा आधी ओढून ठेवावा लागतो. पाच ट्रॅकवर, जोडणीच्या वेगाप्रमाणे. तबल्याच्या समेवर व्हायोलिन्स उशिरा पोचत असतील तर आधी हे तपासा, वादनाला दोष नंतर द्या.

संगणक साधा असेल तर एक सेक्शन पूर्ण करून तो ऑडिओमध्ये उतरवा, मग मेमरी मोकळी करून पुढचा घ्या. आठ जीबीच्या लॅपटॉपवरही असे काम होते, फक्त मधे मधे चहा होतो. खर्चाचे म्हणाल तर स्पिटफायरच्या ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ची ‘डिस्कव्हर’ ही लहान आवृत्ती सुमारे २०० एमबीची आहे आणि तिच्यात पाचही सेक्शन वेगळे आहेत. ‘सोनाटिना सिम्फॉनिक ऑर्केस्ट्रा’ हा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा मुक्त संग्रह जुना आणि ओबडधोबड आहे, पण त्यातही सेक्शन वेगळे आहेत. शिकण्यासाठी वेगळे सेक्शन असलेला साधा संग्रह हा एकत्र वाजणाऱ्या महागड्या संग्रहापेक्षा उपयोगाचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एखाद्या संग्रहात व्हायोलिनचा एकच सेक्शन असेल तर दुसरी व्हायोलिन्स कुठून आणायची? तोच पॅच दोन ट्रॅकवर टाकला आणि दोघांनी एकच स्वर घेतला, तर एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती एकमेकींवर पडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. जुनी युक्ती अशी: दुसऱ्या ट्रॅकवर स्वर दोन अर्धस्वर वर सरकवा आणि सॅम्पलरचे ट्यूनिंग दोन अर्धस्वर खाली आणा. ऐकू येणारा स्वर तोच राहतो, पण त्यासाठी शेजारचे सॅम्पल वापरले जाते. दोन गट खरोखर वेगळे वाटू लागतात.

दोन्ही मिळून

प्रत्यक्षात मी करतो ते असे. आराखडा एन्सेम्बलवर वाजवतो. मग त्या मिडीच्या पाच प्रती पाच सेक्शनवर ठेवतो आणि प्रत्येकीतून एक ओळ सोडून बाकीचे स्वर पुसतो. या पुसण्यातच सगळे लेखन आहे. कारण पुसताना कळते की मधल्या ओळीला जायला वाट नाही, किंवा डाव्या हाताने खाली तीन स्वर इतके जवळ दाबले आहेत की चेलो आणि बास चिखल करणार. खाली अंतरे मोठी ठेवा, वर लहान. ओळी सलग झाल्या की प्रत्येक पुन्हा हाताने वाजवतो, चिकटवलेली ठेवत नाही. शेवटी जेथे सगळे मिळून कोसळायचे आहे, त्या दोन-चार मात्रांपुरता एन्सेम्बल पॅच अगदी खालच्या पातळीवर मिसळतो.

आणि पहिल्या व्हायोलिन्सवर एक खरे व्हायोलिन चढवतो, मिळाले तर. खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आपल्याच राज्याच्या या भागात आहे, आणि हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवणारा माणूस रायपूरमध्ये शोधला तर सापडतो. त्याला तुमच्या सा ची पट्टी आधी सांगा, कारण त्याच्या तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या नसतील. दोन-तीन वेळा तीच ओळ वाजवून घ्या आणि सॅम्पलखाली ठेवा. सोळा सॅम्पल व्हायोलिन्सच्या पुढे एका खऱ्या गजाची खरखर आली की कान सगळ्याच सोळांना खरे मानू लागतो. हे फक्त तेव्हाच जमते, जेव्हा पहिल्या व्हायोलिन्सची ओळ वेगळ्या ट्रॅकवर असते. एन्सेम्बलमध्ये तिची पातळी कमी करून त्या माणसाला जागा करून देता येत नाही.

स्वाध्याय

आठ मात्रांची एक चाल रचा आणि तिला चार आवाजांची साथ एन्सेम्बल पॅचवर वाजवा. ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवा. आता तीच मिडी पाच सेक्शनमध्ये वाटा, एका ट्रॅकवर एका वेळी एकच स्वर ठेवून. कोणते स्वर उरले आणि कोणाला काहीच मिळाले नाही, ते लिहून ठेवा.

नंतर व्हायोलाचा ट्रॅक एकटा ऐका आणि त्याबरोबर गुणगुणा. जेथे गळा अडखळतो तेथे ओळ दुरुस्त करा, मग पुन्हा सगळे एकत्र वाजवा.

शेवटी धुनेत एका जागी मींड घाला. आधी एन्सेम्बलवर पिच बेंडने करून पहा आणि आधारस्वरांचे काय होते ते ऐका, मग पहिल्या व्हायोलिन्सच्या ट्रॅकवर करा. दोन्ही ध्वनिमुद्रणे एखाद्या गाणाऱ्या मित्राला कोणते कशावर केले आहे हे न सांगता ऐकवा, आणि तो कोणत्या जागी मान हलवतो ते पहा.